फ्रान्सिसची गाडी, माझं लायसन्स आणि जबल शम्सच्या बकऱ्या

सलीमभाई गाडी बघून गेले त्याच संध्याकाळी मी विषय काढला. म्हटलं, "विकायची तर विक. पण त्याआधी एकदा डोंगरात जाऊन येऊ." फ्रान्सिस, म्हणजे माझा नवरा, टीव्हीसमोर बसला होता. टीव्ही बंद होता. "कोण चालवणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी." त्यावर तो जे हसला, ते तुम्ही ऐकायला हवं होतं. बाकी कुणी असं हसलं असतं तर मी महिनाभर बोलले नसते.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण ही सगळी तिचीच गोष्ट आहे. आम्ही वसईचे. मस्कतला येऊन जन्म गेला म्हणायला हरकत नाही. फ्रान्सिस एका इंटिरियर कंपनीत सुतारकामाचा फोरमन आहे, मी अल् खुवैरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. युरोपातली माणसं मोटारहोम घेऊन आल्प्समध्ये हिंडतात, ते व्हिडिओ बघून बघून याला वेड लागलं. तसली गाडी घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून त्याने जुनी, लांब बॉडीची फोर-व्हील घेतली आणि दर शुक्रवारी खाली पार्किंगमध्ये रंधा घेऊन बसायला लागला. पुढे सरकवला की पलंग, मागे ढकलला की बाकडं. त्याखाली खण. मागचं दार उघडलं की ओटा बाहेर येतो. बॉडीत एकही स्क्रू नाही, कारण कायमचं काही ठोकलं तर मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, रिन्यू करताना पोलीस पास करत नाहीत. तेव्हा सगळं खाचेत बसवलेलं. वर्षातून एकदा तासाभरात उतरवायचं, पास करून आणायचं, परत चढवायचं.

आणि गाडी तयार झाली त्याच वर्षी त्याचं लायसन्स रिन्यू करायची वेळ आली. डोळ्यांच्या तपासणीत अडकला. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं बरंचसं गेलंय, आणि गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते टिकवायला सकाळ-संध्याकाळ ड्रॉप्स. लायसन्स मिळालं नाही.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. कंपनीत सहकाऱ्याबरोबर जायला लागला, "पेट्रोल वाचतं" म्हणून. चर्चमध्ये विचारलं तर गाडी गॅरेजला. सलीमभाई श्रीवर्धनचे, मत्राहला दुकान आहे, याचे जुने दोस्त. त्यांनाही सांगितलं की एवढी मोठी गाडी आता परवडत नाही. मला मात्र दिसत होतं की तो पार्किंगमधून जाताना त्या गाडीकडे मान वळवायचं टाळतो.

माझं लायसन्स नवंकोरं. इथलं लायसन्स मिळवणं काय असतं ते ओमानमधल्या कुणालाही विचारा. ड्रम टेस्टमध्ये पिंपांच्या मधून गाडी उलटी घालायची, मग चढावर थांबवून मागे न घसरता काढायची, मग रोड टेस्ट. मी पिंपांनाच तीनदा धडकले. चौथ्यांदा पास झाले तेव्हा शिकवणाऱ्या ओमानी बाईंनी मला मिठी मारली होती.

तर सलीमभाई रविवारी फोन करून पक्कं सांगणार होते, आणि नोव्हेंबरातली लांब सुट्टी त्याच्या आधी पडत होती. फ्रान्सिस शेवटी म्हणाला, "ठीक आहे. एकदा तरी तिच्यात झोपू." तो तयार झाला तो माझ्यावर भरवसा ठेवून नव्हे, पलंगावरच्या प्रेमापोटी.

पहिला दिवस: मस्कत ते जबल अख्दर

सकाळी उजाडल्यावर निघालो. सामान: पाण्याचे दोन मोठे कॅन, गॅसची शेगडी, ब्लँकेटं (नोव्हेंबरात वर खरोखर कुडकुडायला होतं, "गल्फमध्ये कसली थंडी" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका), तांदूळ, घरचा बाटली मसाला, आणि फ्रान्सिसच्या हट्टाखातर सुके बोंबील. पलंगाखालच्या खणांत बोंबील ठेवायला मी साफ नाही म्हटलं. त्या वासात कोण झोपणार? मग ती पिशवी बर्फाच्या डब्यात गेली. त्याच डब्यात त्याचे ड्रॉप्स होते, कारण ते थंड ठेवायचे असतात. हे लक्षात ठेवा.

रस्त्याचं म्हणाल तर निझवापर्यंत लोण्यासारखा आहे. फंजा गेलं की दोन्ही बाजूंनी उघडे तपकिरी डोंगर सुरू होतात. त्यांच्यावर गवताची काडी नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला रुक्ष वाटतात, मला आता त्यांची सवय झालीय, ऊन कलतं तसा रंग बदलतात. पण मी काय बघणार? मी आरशात बघत होते. आणि शेजारी बसलेला माणूस सारखा पाय दाबत होता. त्याच्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबत होता.

"लेन धरून राहा."

"धरलीय."

"ट्रक आहे पुढे."

"दिसतोय मला."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. त्याने मान खिडकीकडे वळवली.

इझ्कीच्या अलीकडे एका मल्याळी कॅफेटेरियापाशी थांबलो. कडक चहा आणि अंडा-पराठा, दोघांचं मिळून एक रियालसुद्धा लागत नाही, आणि बाथरूम स्वच्छ आहे (जाणाऱ्यांनी नोंद घ्या, पुढे चांगलं मिळेलच असं नाही). तिथला अण्णा याला ओळखणारा. "अरे फ्रान्सिसभाई! आज मॅडम गाडी चलाती है?" फ्रान्सिसने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पैर मुडक गया है."

झालं. आता त्याला लंगडत गाडीपर्यंत जाणं आलं. उजवा पाय धरून असा काही चालला की अण्णाने धावत जाऊन दार उघडून दिलं. मला हसू येत होतं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "डावा मुरगळला असता तर बरं दिसलं असतं." तेव्हा तोही हसला.

बिर्कत अल् मौझपाशी पोलीस चौकी आहे. जबल अख्दरवर फोर-व्हीलशिवाय सोडत नाहीत. भाड्याची लहान गाडी घेऊन आलात तर इथूनच परत. टाकी खालीच भरून घ्या. पोलीस तरुण होता. मुल्किया बघितली, माझं लायसन्स बघितलं, त्यावरचा महिना वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, फर्स्ट टाइम जबल?" मी हो म्हटलं. तो शेजारी वाकून फ्रान्सिसला काहीतरी विचारणार, तेवढ्यात फ्रान्सिसने स्वतःच गुडघ्यावर हात ठेवला. पोलीस म्हणाला, "ओके, मॅडम. गोइंग अप नो प्रॉब्लेम. कमिंग डाउन, लो गियर. लो गियर, इन्शाल्ला."

चढ खरंच कठीण नाही, रस्ता रुंद आहे. फक्त तो संपत नाही. वळण, पुन्हा वळण, कान बंद होतात, आणि मग एकदम सपाटी येते आणि काच खाली केली की गार हवा आत शिरते. जुनिपरची वाकडीतिकडी झाडं सुरू होतात. मी गाडी थांबवली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. फ्रान्सिस खाली उतरला, लंगडायचं विसरून, आणि छाती भरून श्वास घेत उभा राहिला.

दुपारी अल् ऐन आणि अल् अक्र या दोन गावांमधली पायवाट चाललो. डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा, मधून फलज, म्हणजे पाण्याचा अरुंद पाट. गुलाब मार्च-एप्रिलात फुलतात, आत्ता नुसत्या काटक्या होत्या. डाळिंबं चार-दोन उरलेली. आवाज एवढाच, पाण्याचा. ही वाट चुकवू नका.

पण आमच्यासाठी ती वाट वेगळीच निघाली. घरात फ्रान्सिस सराईतासारखा वावरतो, हात लावायच्या आधी त्याला कपाट कुठे आहे ते ठाऊक असतं. इथे काहीच ठाऊक नव्हतं. त्याचा खांदा भिंतीला घासला. एकदा पाय पाटात गेला. एका लहान मुलीला धक्का लागता लागता राहिला, ती अगदी त्याच्या कोपराशी होती. मग तो एका दगडावर बसला.

"किती दिसतं रे तुला?" मी विचारलं. एवढ्या महिन्यांत मी हे असं सरळ कधी विचारलंच नव्हतं.

त्याने दोन्ही हातांचे तळवे चेहऱ्याच्या बाजूंना धरले, घोड्याला झापडं लावतात तसे. "एवढं," तो म्हणाला. मग हात अजून जवळ आणले. "खरं म्हणजे एवढं." त्या हातांच्या मधून तो माझ्याकडे बघत होता. "तू पूर्ण दिसतेस," म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसले. मग उठून समोर जाऊन बसले.

रात्रीचा मुक्काम पठारावर रस्त्यापासून थोडं आत, दगडी सपाटीवर. ओमानात तंबू किंवा गाडी कुठेही लावता येते, घरांपासून आणि शेतांपासून लांब राहा, आणि कचरा परत न्या. इथे मात्र मी बघत राहिले. गाडीच्या आत त्याला काही शोधावंच लागत नव्हतं. ओटा बाहेर, शेगडी त्यावर, मिठाची बरणी, दिवा, पलंगाची खिट्टी, सगळं न बघता, हातांनी. आम्ही डाळ-भात खाल्ला (भाताला वर वेळ लागतो, कुकर न्या) आणि लवकर झोपलो. पलंग अजिबात कुरकुरला नाही. "बघ," तो अंधारात म्हणाला, "मोजमाप चुकलं नाही कुठे."

दुसरा दिवस: उतार, निझवा, आणि जबल शम्स

उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवून बसले. शहरात शिकलेली माणसं हेच करतात. पोलिसाने सांगितलेलं लो गियर घाबरल्यावर कुठल्या कुठे गेलं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर फ्रान्सिसने नाक वर केलं.

"लीना, वास येतोय. ब्रेक तापलेत. बाजूला घे."

घेतली. चाकातून खरंच करपल्याचा वास येत होता. मला वाटलं आता बोलणी बसणार. तो शांतपणे म्हणाला, "थंड होऊ दे. मग लो टाक आणि पाय काढ. इंजिन धरून ठेवतं गाडीला, तू नको धरूस." तसंच केलं. गाडी घोंघावत हळूहळू स्वतःच उतरायला लागली, आणि मला पहिल्यांदा त्या दिवशी बाजूचे डोंगर दिसले.

निझवाला हलवा घेतला, केशर-गुलाबपाणी घातलेला, दुकानात कॉफीबरोबर फुकट चाखायला देतात. तिथून बहला, अल् हमरा, आणि मग जबल शम्सचा चढ. हा ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर. वरच्या भागात खडीचा रस्ता लागला, धूळ एवढी की पुढची गाडी गायब. मी अंतर ठेवून चालवत राहिले. फ्रान्सिसचा पाय अजून दाबत होता, पण कमी.

वर जी दरी आहे तिला सगळे ग्रँड कॅनियन म्हणतात. बघण्याच्या ठिकाणी कठडा आहे. बाकी कड्याला काही नाही, जमीन आहे आहे आहे, आणि मग नाही. आम्ही गाडी कड्यापासून बरीच आत लावली. तिथे एक ओमानी म्हातारी लोकरीची जाजमं आणि चाव्यांना लावायचे गोंडे विकत बसली होती. जाजमं सुंदर आहेत, पण स्वस्त नाहीत. गोंडा रियालभरात मिळतो. तिला थोडं हिंदी येत होतं, मला थोडं अरबी.

दुपार उतरल्यावर फ्रान्सिसने बोंबील काढले. ओटा बाहेर ओढला, तवा ठेवला, आणि वास सुटला. वसईत या वासाने शेजारी येतात. इथे बकऱ्या आल्या.

एक आली, मग चार, मग किती ते कोण मोजतो. जबल शम्सच्या बकऱ्या पुठ्ठे खातात, तंबूच्या दोऱ्या खातात, हे मी वाचलं होतं. पण या सरळ तव्याकडे आल्या. म्हातारी लांबून हसत सुटली. "समक! समक!" म्हणजे मासे. मग हिंदीत म्हणाली, "हमारा बकरी मछली खाता है!" तिच्याकडून कळलं की इथे बकऱ्यांना किनाऱ्यावरून आणलेली सुकी तारली खायला घालतात, पूर्वीपासून. आणि आम्ही कोकणातून शहाणे, त्यांच्या अंगणात सुकी मासळी भाजत बसलो होतो.

मी फडका घेऊन धावले. फ्रान्सिस हसत होता. तेवढ्यात एका करड्या बकरीने बर्फाच्या उघड्या डब्यात तोंड घातलं आणि लहान निळी पिशवी उचलली. बोंबील नव्हते त्यात. दोन दिवस बोंबलाला चिकटून राहिलेली ड्रॉप्सची पिशवी होती.

"ड्रॉप्स!" मी ओरडले, आणि तो पळाला.

इतकं जोरात पळताना मी त्याला लग्नानंतर कधी बघितलं नाही. बकरी त्याच्या समोर होती म्हणून त्याला बकरी दिसत होती. बकरी डावीकडे वळली, तोही वळला. आणि डावीकडे कडा होता. जमीन होती आणि मग नव्हती, आणि ते त्याला दिसत नव्हतं, कारण त्याच्या नजरेत मावत होती ती नुसती बकरी.

मला आठवत नाही मी काय ओरडले. म्हातारीने नंतर सांगितलं की मी फक्त त्याचं नाव घेतलं. तो जागच्या जागी थांबला. वळून बघितलं नाही, पाय हलवला नाही, नुसता थांबला. कडा त्याच्यापासून जवळ होता. किती जवळ, ते मी इथे लिहिणार नाही, आमच्या घरचे हे वाचतात.

"हलू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "आता उजवीकडे वळ. अजून. हं. आता माझ्याकडे ये. सरळ. पुढे एक दगड आहे, त्याच्या उजवीकडून."

तो आला. एकेक पाऊल, मी सांगीन तिथे. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस मी सांगितलं म्हणून वळल्याचं मला आठवत नाही. माझ्यापर्यंत आला आणि माझा दंड धरून उभा राहिला.

म्हातारीने एव्हाना बकरीला शिव्या घालत काठीने अडवलं होतं. पिशवी चावलेली, पण आतली बाटली शाबूत. तिने ती माझ्या हातात ठेवली, फ्रान्सिसच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ये, दवा?" मी उत्तर द्यायच्या आधी तो म्हणाला, "हां, अम्मा. मेरा आँख खराब है."

एवढंच. तिने मान डोलावली आणि आम्हाला खजूर दिले. आम्ही तिला बोंबील दिले, उरलेले सगळे. तिने ते बकऱ्यांना घातले की स्वतः खाल्ले, देव जाणे.

ऊन कलल्यावर मी त्याला कठड्यापाशी नेलं. दरी एवढी मोठी की धड नजरेच्या माणसालाही एका दमात मावत नाही. त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. "सांग," म्हणाला. मग मी सांगत गेले आणि तो मान वळवत गेला. तुझ्या उजवीकडे खाली, हिरवा ठिपका आहे, खजुराची झाडं. मिळाला? मिळाला. त्याच्या वर बघ, कड्याच्या पोटात पडकी घरं. थोडं डावीकडे. हां, भिंत दिसली, दार दिसलं. आता खाली, अगदी तळाला, पांढरी वाट, ती पाण्याची. असं करत तुकड्या-तुकड्याने त्याने सगळी दरी बघितली, आणि त्याच्यामुळे मीही. एरवी मी एक फोटो काढला असता आणि "बापरे" म्हणून गाडीत बसले असते.

तिसरा दिवस: परत

सकाळी ड्रॉप्स घातले, कॉफी केली, म्हातारीकडून एक लाल-काळं जाजम घेतलं. उतारावर आधीच लो टाकलं. अल् हमराला पेट्रोल, इझ्कीच्या पुढे हायवे. मी काहीतरी बोलत होते, उत्तर आलं नाही म्हणून बघितलं, तर फ्रान्सिस झोपला होता. डोकं खिडकीला, तोंड उघडं, दोन्ही पाय सैल पसरलेले. फंज्यापर्यंत उठला नाही. मी रेडिओ बंद केला आणि उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनमध्ये हळू चालवत राहिले. मला घरी पोचायची अजिबात घाई नव्हती.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: नोव्हेंबर ते मार्च उत्तम, फोर-व्हील हवीच, आल्प्ससारखे नळ-बाथरूमचे कॅम्पसाइट इथे शोधू नका. मशिदींची आणि पेट्रोल पंपांची बाथरूमं चालतात. पाणी भरपूर न्या. सुकी मासळी नेऊ नका.

माझ्याजवळ काय राहिलं, तर त्याचं कठड्यापाशी "सांग" म्हणणं. त्याच्याजवळ काय राहिलं, ते तो सांगत नाही. हे लिहू का, असं विचारलं, वाचून दाखवलं. तो म्हणाला, लंगडण्याचंही लिही.

रविवारी आम्ही गाडीतून ब्लँकेटं काढत होतो तेव्हा सलीमभाईंचा फोन आला. फ्रान्सिसने तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. सलीमभाई म्हणाले, "काय फ्रान्सिसभाऊ, मग आजच येऊ का? व्यवहार खलास करून टाकू." पार्किंगमध्ये आमच्या बिल्डिंगमधली दोन-तीन माणसं उभी होती. फ्रान्सिस नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सलीमभाई, तुम्हाला खोटं बोललो. परवडत नाही असं काही नाही. माझी नजर गेलीय, लायसन्स मिळालं नाही. गाडी आता लीना चालवते. विकायची का नाही, ते तिला विचारा."

आणि त्याने फोन उचलून माझ्या हातात दिला. सलीमभाई पलीकडून "हॅलो, भाभी? भाभी?" करत होते, आणि मी काढलेलं ब्लँकेट परत पलंगावर ठेवलं.